लाल अक्षरांतला तलाव

मी लाखनीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. हायपरलिंक म्हणजे काय, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेतही लिहून देईन: ज्या शब्दावर किंवा चित्रावर क्लिक केल्यावर आपण दुसऱ्या पानावर पोचतो, त्याला हायपरलिंक म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. पोरं उत्तर पाठ करतात, मी खडू झटकते आणि पुढचा धडा सुरू होतो. क्लासच्या बाहेर हा पूर्ण शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बाहेर नुसती लिंक असते. लग्नाची लिंक येते, लेक्चरची लिंक येते, आधार लिंक करून आणावं लागतं, आणि बँकेत गेलं की काचेपलीकडचा माणूस मान वर न करता 'आज लिंक नाही' म्हणतो आणि अख्खी रांग निमूट घरी जाते. एका शब्दाला आम्ही इतक्या कामांना जुंपलं आहे, पण त्याचं नवल वाटलंय असा माणूस मला भेटला नव्हता. मला स्वतःला तर अजिबात वाटत नव्हतं. पोटापाण्याच्या गोष्टीचं कोण नवल करत बसतं?

ते नवल मला माझ्या सासऱ्यांनी दाखवलं, आणि तेही खाटेवर पडल्या पडल्या.

आमचं गाव सानगडीच्या पुढे, रस्ता सोडून थोडं आत. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींनी जन्मभर धानाची शेती केली हे खरं, पण त्यांचा जीव होता पाव्हणपणात. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली की धुतलेलं धोतर, खांद्यावर पिशवी, पायात वहाणा, आणि माणूस घराबाहेर. कोंढ्याला बहीण, लाखनीला मेव्हणे, कुठल्या कुठल्या गावांत मावशीचे दीर आणि मामेबहिणीच्या नणंदा. मधे एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर पायी. या फिरण्याचे त्यांचे कायदे होते. कोणाच्या घरी गेलं की पाणी प्यायल्याशिवाय, चार गोष्टी ऐकल्याशिवाय उठायचं नाही. आणि ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं परत यायचं. जाताना ज्यांच्या ओट्यावर टेकले होते त्यांना येताना 'चाललो बा' असं सांगूनच पुढे. जवळची वाट असली तरी ते ती घेत नसत. जाताना पाहिलेल्या माणसानं येताना पाहिलं नाही तर त्याच्या जिवाला घोर लागतो, असं त्यांचं म्हणणं. माझा नवरा यावर फार चिडायचा. तो शेती करतो आणि काळजी करतो, दोन्ही पूर्णवेळ.

पोळ्यानंतर मामाजी अंगणाच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, ते नीटही झालं. घरी पाठवताना डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की हाड जुळेल, पण यांना रोज वॉकर धरून उभं करा, हिवाळा संपायच्या आत पायावर आले नाहीत तर मग खाट सुटणार नाही, आणि या वयात खाट धरलेला माणूस फार दिवस काढत नाही. हे इतकं स्पष्ट ऐकून आम्ही घरी आलो.

पहिल्या दिवशी आम्ही त्यांना उभं केलं. गुडघा लचकला, ते नवऱ्याच्या अंगावर कोसळले. लागलं काहीच नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली ती त्याआधी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'नको' म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. मग ते भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. वॉकर कोपऱ्यात गेला आणि त्यावर आम्ही त्यांचे दुपट्टे वाळत घालायला लागलो. दिवाळीनंतर गावची मंडई आली. मंडई म्हणजे घरोघरी पाव्हणे, रस्त्यावर दुकानं, दंडारीचे नाच, नाटकाचा मंडप, पोरासोरांचा गोंधळ. मामाजींची एकही मंडई चुकलेली नव्हती. त्या दिवशी कोंढ्याची बहीण, तीही काठी टेकत, भावाला भेटायला आली, आणि मामाजींनी झोपल्याचं सोंग केलं. ती पायथ्याशी बसून राहिली, त्यांच्या पायावरून हात फिरवत. पाव्हणा घरात आला असताना मामाजी डोळे मिटून पडले आहेत, हे पाहून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आता जाणार.

आमच्यात बोलणं तसं बेताचंच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण 'जेवता का', 'चहा ठेवू का', 'औषध घेतलं का' याच्या पलीकडे गाडी गेली नव्हती. सासूबाई होत्या तोवर त्याही मधे असत. आमच्याकडे सून सासऱ्याच्या बरोबरीनं खाटेवर बसत नाही, समोर उभी राहून गप्पा हाणत नाही. मी लाखनीत पन्नास पोरांसमोर घसा फोडून शिकवते, पण घरी मामाजींच्या खोलीत शिरताना माझा हात आपोआप पदराकडे जातो.

नवऱ्यानं त्यांच्या उशाशी आपला जुना फोन ठेवला होता, कोणी पाव्हण्यांनी फोन केला तर बोलता यावं म्हणून. मामाजी सातवीपर्यंत शिकलेले. पेपर वाचायचे, जाहिरातींसकट. पण आता पेपरही घडी न मोडता पडून असायचा. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "वैनगंगेले यंदा पूर होता का, सूनबाई?" कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. मी पूर वगैरे सगळं विसरून, त्यांनी या कुशीवर वळावं एवढ्याचसाठी, फोन हातात घेतला आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातलं वैनगंगेचं पान उघडून दिलं. हा कोश कोणा एकाचा नाही. ज्याला माहिती आहे त्यानं लिहावं, चुकलं तर दुसऱ्यानं दुरुस्त करावं, असा त्याचा कारभार.

मामाजींनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "सूनबाई, हे मधले मधले शब्द असे निळे काहून दिसून राह्यले? पानी सांडलं का याच्यावर?"

"थे लिंक आहे, मामाजी. त्याच्यावर बोट ठेवलं का दुसरं पान उघडते."

त्यांनी तव्याचा चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. "लिंक? लिंक दाबाची नाई म्हनते ना! तुयाच नवऱ्यानं सांगतलं. लिंक दाबली का खातं साफ होते म्हनते."

माझ्या काळजीवाहू नवऱ्यानं त्यांना एवढंच शिकवलं होतं. आता मी मास्तरीण झाले. म्हटलं, अनोळखी माणूस आपणहून मेसेज पाठवतो आणि त्यात 'इथं दाबा' म्हणतो, त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही. पण हे पान आपण उघडलं आहे. लिहिणाऱ्यानं नदीची माहिती देता देता जी गावं, ज्या नद्या सांगितल्या, त्यांची पानंही या कोशात आहेत. तिथं जायची ही सोय आहे. मामाजींनी हे कान देऊन ऐकलं, पुन्हा एकदा खात्री केली की खात्याला धोका नाही, आणि वैनगंगा जिथून निघते त्या शिवनी जिल्ह्याच्या नावावर अगदी हळूच बोट टेकवलं.

पान बदललं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"मी कोठं आलो?"

"शिवनीले."

"अन् वैनगंगा?"

"थे मागंच आहे. हा बाण दाबला का वापस."

त्यांनी बाण दाबला. वैनगंगा आली. पुन्हा शब्द दाबला, शिवनी. पुन्हा बाण. मग ते हसले. भिंतीकडे न वळता, छताकडे पाहून, तोंडातल्या तोंडात हसले, आणि मला म्हणाले, "उशी जराशी उंच कर." मी एकावर एक दोन उशा लावल्या, इतका मला आनंद झाला.

त्या दिवसापासून मामाजी निघाले. दुपारी जेवण झालं की फोन छातीवर, चष्मा नाकावर. आणि इथंही तेच कायदे! कोणतंही पान पूर्ण वाचल्याशिवाय पुढच्या शब्दाला हात लावायचा नाही. मी एकदा म्हटलं, मामाजी, सगळं वाचायची गरज नसते, जे पाहिजे ते बघायचं आणि पुढं जायचं, सगळे तसंच करतात. ते म्हणाले, "कोनाच्या घरी गेलो अन् पानी न पेता निंगालो, असं करते का कोनी?" शिवनीची लोकसंख्या, तहसिली, खालच्या टिपा, सगळं वाचून झाल्यावरच स्वारी पुढे.

परत यायचंही तसंच. आपण पान बंद करतो, संपलं. मामाजी नाही. जितकी पानं पुढे गेले तितक्यांदा बाण दाबत, एकेका पानावर क्षणभर थांबत, ते वैनगंगेपर्यंत माघारी यायचे. तेव्हाच फोन खाली. एकदा वैनगंगेवरून प्राणहिता, प्राणहितेवरून गोदावरी, असे ते निवांत चालले होते. दिवेलागणीची वेळ. फोनची बॅटरी संपत आलेली दिसली म्हणून मी तो उचलला, सवयीनं सगळं बंद केलं आणि चार्जिंगला लावला. मामाजी ताडकन कोपरावर उठले. ऑपरेशननंतर ते इतक्या जोरात हलले नव्हते.

"मी गोदावरीवर होतो ना! आता वापस कसा येऊ?"

"मामाजी, तुम्ही तं इथंच आहात."

"तू आनलं म्हून आलो. मी कोठं आलो?"

त्या रात्री त्यांनी अर्धीच भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वैनगंगेपासून सुरुवात केली, त्याच वाटेनं गोदावरी गाठली, आणि तिथून पान पान करत रीतसर घरी परत आले. मगच त्यांना चैन पडलं. नवरा डोक्याला हात लावून बसला. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले आणि हसता हसता रडलेही, कारण ज्याला घरी परत यायची एवढी फिकीर आहे तो माणूस अजून गेलेला नव्हता.

हळूहळू आमचं बोलणं वाढलं. मी त्यांच्या खाटेजवळ चटई टाकून बसायला लागले. गोदावरीवरून ते समुद्राला लागले, समुद्रावरून ब्रह्मदेशात. तिथल्या पानावर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांचा फोटो होता. मामाजींनी तो दोन बोटांनी मोठा केला, बांध्यांचे म्हणजे धानाच्या खाचरांचे धुरे पाहिले, पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंड्या पाहिल्या. "आपल्यासारख्याच बांध्या हायत याईच्या," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ त्या बायांकडे बघत राहिले. "जराशे पातर रोवून राह्यल्या." म्हणजे जास्तच विरळ लावत होत्या. ब्रह्मदेशातल्या रोवणीत खोट काढून मग ते समाधानानं माघारी निघाले.

आणि एके दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला. "सूनबाई, हे वाट कोनं टाकली?"

"कोणती?"

"हेच. वैनगंगेवरून शिवनीची. आपुआप तं नाई झाली."

व्याख्या मला पाठ होती. पण लिंक टाकणारं कोणीतरी असतं, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. मी त्यांना पानाचा इतिहास काढून दाखवला. कोणी कोणी काय लिहिलं त्याची नोंद तिथं असते, टोपणनावानं. कोणीतरी, कुठल्यातरी गावी, कधीतरी वैनगंगेबद्दल चार ओळी लिहायला बसला होता. शिवनी हा शब्द लिहिताना त्याचा हात थांबला असेल. वाचणाऱ्याला इथून तिकडे जावंसं वाटेल, असं त्याला वाटलं असेल. म्हणून त्यानं त्या शब्दातून वाट काढून दिली आणि तो निघून गेला.

"कोन सांगते त्याले असं कराले?"

"कोणीच नाही."

"शिवनीवाल्याले पुसते का?"

"नाही, मामाजी. कोणीही कुठूनही वाट काढू शकते. ज्याच्याकडे वाट जाते त्याला विचारायचं काम नाही. त्याला माहीतही नसते."

"म्हंजे शिवनीच्या पानाले मालूमच नाई का कोनकोन त्याच्याकडे येऊन राह्यलं."

"नाही."

"अन् असे जगभर?"

"जगभर."

त्यांनी फोन छातीवर उपडा ठेवला आणि हात जोडले. कोणाला जोडले ते त्यांनाच ठाऊक, पण जोडले. ज्या गोष्टीवर मी एका मार्काचा प्रश्न काढत होते, ती अशी होती. न ओळखणाऱ्या माणसांनी, न ओळखणाऱ्या माणसांसाठी, कोणी सांगितलेलं नसताना शब्दाशब्दाला वाट फोडून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी व्याख्या लिहून झाल्यावर पोरांना म्हटलं, यातल्या प्रत्येक लिंकमागे एक माणूस आहे हे लक्षात ठेवा. एकानं विचारलं, हे परीक्षेला आहे का? मी नाही म्हटल्यावर सगळ्यांनी पेन खाली ठेवले. पण मला त्यांचा राग आला नाही. वर्षानुवर्षं मीही त्यांच्याच बाकावर बसले होते.

एवढं सगळं चाललं होतं, पण मामाजी उठत नव्हते. मन फिरत होतं, पाय खाटेवरच. डॉक्टरांनी फोनवर विचारलं की नवरा खोटं बोलायचा. हिवाळा निम्मा संपला, धान कापून बांध्यांत पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, रचले गेले, आणि मामाजींच्या पोटऱ्या काटकीसारख्या झाल्या. आता मला वेगळीच धास्ती वाटायला लागली. मीच त्यांना पाय न लावता फिरायची सोय करून दिली की काय?

मग त्यांना आपलं गाव सापडलं. चुलबंद नदीवरून ते साकोली तालुक्यात आले आणि तिथल्या गावांच्या नावांत आमच्या गावाचं नाव निळं होतं. त्यांनी मला हाक मारली ती स्वयंपाकघरात खणखणीत ऐकू आली. मी पिठाच्या हातानं धावले. पान लहानसंच होतं. तालुका, जिल्हा, धानाचं पीक, आणि शेवटची ओळ: गावात जुना तलाव आहे. तलावाचं नाव लिहिलेलं होतं, पण ते निळं नव्हतं. लाल होतं.

मामाजींनी त्यावर बोट ठेवलं. 'या नावाचे पान अजून कोणी लिहिलेले नाही,' असं वाक्य आलं. खाली रिकामी चौकट.

"हे काय झालं?"

मी समजावलं. निळं म्हणजे पान आहे. लाल म्हणजे पान अजून नाही, पण लिहिणाऱ्याला वाटलं की असायला पाहिजे. म्हणून त्यानं लिंक आधीच टाकून ठेवली. कधीतरी कोणीतरी लिहील म्हणून.

"म्हंजे वाट टाकून ठेवली अन् घर नाई."

"हो."

"कोन होता थो?"

कोण जाणे. गावातलं कोणी नसावं, गावाबद्दलची बाकी माहिती अगदीच वरवरची होती. कुठलातरी परका माणूस आमच्या तलावाचं नाव लिहून, त्याला लाल करून, कोणाच्यातरी भरवशावर सोडून गेला होता. मला याआधी लाल शब्द म्हणजे पानावरची घाण वाटायची, शिळी, अपुरी. त्या दिवशी मात्र ते लाल नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं.

"लिही," मामाजी म्हणाले.

"तुम्ही सांगा, मी लिहिते."

या कोशात नुसतं ऐकीव चालत नाही, छापील आधार लागतो. तो मी साकोलीच्या वाचनालयात शोधला. तलावांवरच्या एका पुस्तकात आमच्या तलावाबद्दल मोजून परिच्छेदभर मजकूर होता. पाळ मातीची, खाली धानाच्या बांध्या, सांडव्यावरून पुढच्या तलावांना जाणारं पाणी, आणि दगडी तुडूम. तलावातून पाटाला पाणी सोडायची जी जुनी मोरी असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. मी ते मामाजींना वाचून दाखवलं. ते मान डोलवत ऐकत होते, आणि तुडूमपाशी थांबले.

"थे हाय का आता?"

मधल्या वर्षांत पाळीची दुरुस्ती झाली होती, सिमेंटचं नवीन दार बसलं होतं. जुनी मोरी राहिली की बुजवली, हे नवऱ्यालाही नक्की सांगता येईना. मामाजी म्हणाले, "मंग कसं लिहा लागते? हाय म्हून लिहा का होती म्हून लिहा?"

नवरा मोटारसायकल काढून गेला आणि फोटो घेऊन आला. फोटोत सिमेंटचं दार, त्यावर दुरुस्तीचा फलक, आणि मागे बेशरमाची हिरवीगार रानटी झुडपं. मामाजींनी फोटो मोठा केला, लहान केला, आडवा धरला. "झाडाच्या मागं पाह्यलं?" नवऱ्यानं नव्हतं पाहिलं. "तुले पाह्यताच येत नाई," मामाजी म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतर काही दिवस फोन उशाशी उपडा पडून होता. ते कुठेच गेले नाहीत. वैनगंगेवरही नाही. नवरा म्हणाला, तूच नाद लावला. मी म्हटलं, हो, मीच लावला. त्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललो नाही.

मग एका सकाळी मी चुलीपुढे होते आणि आतून घासल्याचा आवाज आला. मी दारात गेले. वॉकरवरचे दुपट्टे जमिनीवर पडले होते. मामाजींनी तो हातानं खाटेजवळ ओढून आणला होता आणि त्याच्या दांड्या धरून ते उभे होते. सगळं अंग लटपटत होतं, तोंड घामानं भिजलेलं.

मी धावले. "धरू नको," ते म्हणाले. "समोर उभी राह्य फकत."

मी त्यांच्या समोर, तोंडाला तोंड देऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी अशी कधी उभी राहिले नव्हते. पदराचं भानही नव्हतं. मामाजींनी एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला. माझ्याकडे बघत, जणू मी पलीकडचा काठ आहे. मी मागे सरकत गेले, ते पुढे येत गेले. उंबरठ्यापाशी पोचल्यावर त्यांना धाप लागली आणि मी त्यांना खुर्ची दिली. तोवर नवरा गोठ्यातून आला होता. तो दारातच उभा राहून हमसून रडला, एवढा मोठा बाप्या.

त्यानंतर त्यांना थांबवणं कठीण झालं. अंगण. शेजाऱ्यांचा ओटा. हनुमानाच्या देवळाचा पार. लोक विचारायचे, "बाबा, कोठं निंगाले?" ते सांगायचे, "तलावावर." ऐकणारा हसायचा, कारण तलाव गावाबाहेर. मामाजी हसायचे नाहीत.

धानामागे पेरलेली लाखोरीची डाळ फुलावर आली तेव्हा आम्ही त्यांना घेऊन गेलो. पाळीपर्यंत बैलगाडीनं, पुढे पायी. पाळीवरच्या दगडगोट्यांत वॉकर अडायला लागला. मामाजींनी तो बाजूला ठेवला आणि एक हात माझ्या खांद्यावर टेकला. त्या हाताचं वजन अजून मला खांद्यावर जाणवतं. एका बाजूला पाणी, हिवाळ्यातल्या पाखरांनी भरलेलं, आभाळाएवढं रुंद. दुसऱ्या बाजूला खाली धान निघालेल्या बांध्या आणि त्यात निळसर लाखोरी. मी या गावात इतकी वर्षं राहते, पण अशी थांबून तलावाकडे बघत कधी उभी राहिले नव्हते. किती लोकांनी किती टोपल्या माती वाहून ही पाळ घातली असेल, आपल्यासाठी नाही, पुढं जो कोणी धान लावील त्याच्यासाठी.

सिमेंटच्या दारापाशी नवऱ्यानं विळ्यानं बेशरमाची झुडपं तोडायला सुरुवात केली. एक थर, दोन थर. मग आत काळे दगड दिसले, एकावर एक बसवलेले, कोपरे झिजलेले. मामाजी खाली बसले, कसे बसले ते त्यांनाच माहीत, आणि त्यांनी दगडांना कान लावला.

"वाहून राह्यलं," ते म्हणाले. "आयका."

आम्ही ऐकलं. आत कुठेतरी बारीक धार पडत होती. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी हात लांब करून दाखवलं. आमचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पुढच्या गावच्या तलावात जातं, तिथून त्याच्या पुढच्या, तिथून नाल्याकाठच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात, आणि मग नदीला. त्यांनी एकेकाचं नाव सांगितलं. "हे पन टाक," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही पान लिहिलं. ते सांगत गेले, मी पुस्तकाशी ताडून टाइप करत गेले. दगडी तुडूम आहे, असं लिहिलं. पाणी पुढे कुठं जातं तेही लिहिलं, आणि त्या नावांना मी लिंक दिली. पान जतन केलं आणि गावाच्या पानावर परत गेलो. तलावाचं नाव निळं झालं होतं. मामाजींनी त्यावर बोट ठेवलं, आमचं पान उघडलं, आणि त्यांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीत पुढच्या तिन्ही तलावांची नावं लालभडक दिसत होती, कारण त्यांची पानं कोणी लिहिलेली नव्हती.

नवरा मागून डोकावत म्हणाला, "हे लाल बरं नाई दिसत, बाबा. चूक झाल्यावानी वाटते. काढून टाकाले सांगा."

"नोको," मामाजी म्हणाले. "राहू दे लाल. मले अजून जाचं हाय तेथं."